किराणा दुकानातून निघालेली बीन

लग्नसराई सुरू झाली की वाशिम काय, रिसोड काय, मंगरूळपीर काय, एक सीन ठरलेला असतो. वरात चौकात येते, बँडवाल्यांच्या गाडीवरचा कीबोर्डवाला एक बटण दाबतो आणि बीन सुरू होते. झालं! आतापर्यंत आहेराची यादी सांभाळत गंभीर चेहऱ्याने चालणारा नवरदेवाचा मामा दोन्ही हातांनी रुमाल ताणून तोंडाशी धरतो, मित्रमंडळी रस्त्यावर लोळण घेते आणि पुढची दहा मिनिटं वरात जागची हलत नाही.

आता खरं सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी खरी बीन ऐकलीय? भोपळ्याची, दोन नळ्यांची, गालफुगव्या गारुड्याच्या तोंडातली? फार थोड्यांनी. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, साप पकडणं आणि त्यांचे खेळ करणं गुन्हा ठरलं, आणि गारुडी हळूहळू दिसेनासे झाले. सापांच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. (तसाही साप सुरावर डोलत नाही. समोर हलणाऱ्या बीनवर नजर ठेवून असतो बिचारा.) पण गंमत बघा, गारुडी गेले आणि बीन राहिली. तुमच्या पिढीला बीन म्हटलं की जो आवाज आठवतो, तो बहुतेक वेळा कीबोर्डमधून आलेला असतो. आणि कीबोर्डमधून बीन काढता येते हे या देशाला ज्याने पटवून दिलं, तो माणूस एका किराणा दुकानदाराचा मुलगा होता.

कल्याणजी वीरजी शाह. कल्याणजी-आनंदजी या जोडीतले थोरले. ‘डॉन’, ‘मुकद्दर का सिकंदर’, ‘उपकार’ यांची गाणी तुमच्या आईबाबांना तोंडपाठ असतील. आपण मात्र जरा मागे जाऊ.

३० जून १९२८ रोजी कच्छमधल्या कुंद्रोडी गावी कल्याणजींचा जन्म झाला. वडील वीरजी शाह मुंबईत आले आणि त्यांनी किराणा दुकान टाकलं. मुलं वाढली गिरगावात, म्हणजे एका बाजूला गुजराती शेजार आणि दुसऱ्या बाजूला मराठी चाळी, गणपती, मेळे, भजनं. घरात कुणी नावाजलेला उस्ताद नव्हता. आजोबांच्या पिढीत एक लोकगायक होऊन गेले होते, तेवढाच काय तो वारसा. मग गाणं आलं कुठून? सांगतात ते असं की, दुकानाच्या एका गिऱ्हाइकाची उधारी थकली. देणं फेडायला पैसे नव्हते, पण माणसाला थोडंफार संगीत येत होतं. त्याने उधारीच्या बदल्यात दुकानदाराच्या पोरांना शिकवायचं कबूल केलं. गुरूला स्वतःलाच फारसं येत नव्हतं, असंही या गोष्टीत पुढे येतं. पण वहीतल्या डाळ-तांदळाच्या हिशेबातून हिंदी सिनेमाला एक संगीतकार जोडी मिळाली, हे खरं. उधारी बुडवणाऱ्यांनी यातून भलता धडा घेऊ नये!

तरुणपणी कल्याणजींनी एक वाद्यवृंद उभा केला. कल्याणजी वीरजी अँड पार्टी असं साधंसं नाव. मुंबईत आणि मुंबईबाहेर स्टेजवर कार्यक्रम करायचे. आज गणपतीत, भीमजयंतीला किंवा कॉलेजच्या गॅदरिंगला जो ऑर्केस्ट्रा येतो ना, त्याचा हा आद्य पूर्वज म्हणा. स्टेजवाल्या माणसाची एक कायमची अडचण असते. गाण्यात सनई आहे, बासरी आहे, व्हायोलिन आहे, पण आपल्याकडे माणसं मोजकी आणि टॅक्सीत जागा त्याहून मोजकी. कमी माणसांत जास्त आवाज कसे काढायचे? या प्रश्नाचं उत्तर शोधताना कल्याणजींच्या हाती क्लॅव्हिओलिन लागलं.

हे नाव तुम्ही बहुधा ऐकलेलं नसेल, म्हणून इथे जरा थांबू. १९४७ साली कॉन्स्टन्ट मार्टिन नावाच्या फ्रेंच इंजिनियरने हे वाद्य बनवलं. तीन सप्तकांची छोटी पट्टी आणि वेगळ्या पेटीत अॅम्प्लिफायर-स्पीकर. सुटकेसमध्ये मावेल असा सगळा मामला. आत ना तार, ना भाता, ना पितळी स्वर. आत होती आजोबांच्या रेडिओत असायची तशी काचेची व्हॅक्यूम ट्यूब. तिच्या साहाय्याने विजेचा प्रवाह ठरावीक वेगाने वरखाली हलवायचा. सेकंदाला ४४० वेळा हलला की मधल्या सप्तकातला एक सूर. त्याच्या निम्मा, म्हणजे २२० वेळा, की तोच सूर खालच्या सप्तकात. पट्टी बदलली की वेग बदलतो. विजेची ही थरथर स्पीकरच्या कागदी पडद्याला हलवते, पडदा हवेला हलवतो आणि आपल्याला सूर ऐकू येतो.

पण नुसता वेग ठरवून भागत नाही. सारख्याच उंचीचा सूर बासरीवर गोड लागतो आणि सनईवर झणझणीत, असं का? कारण कुठल्याही सुरात मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाची कंपनंही लपलेली असतात. त्यातली कोणती किती प्रमाणात आहेत, यावर आवाजाची जात ठरते. बासरीत वरची कंपनं फार थोडी असतात, बीन-सनईसारख्या पाती असलेल्या वाद्यांत भरपूर. क्लॅव्हिओलिनची ट्यूब मुळात काटेरी, भरपूर वरची कंपनं असलेला आवाज काढायची. मग समोरच्या बटणांनी त्यातला नको तो भाग गाळायचा. चहा गाळतो तसंच. भुकटी सगळी एकच, गाळणी बदलली की चव वेगळी.

यात एक गोची होती. क्लॅव्हिओलिनला एका वेळी एकच सूर काढता यायचा. दोन पट्ट्या दाबल्या तरी आवाज एकाचाच. शिवाय पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. मग भाव कुठून आणायचा? वाद्याच्या खाली गुडघ्याने हलवायचा एक दांडा असायचा. गुडघा सरकवला की आवाज वाढतो-उतरतो. म्हणजे बोटं पट्टीवर, गुडघा दांड्यावर आणि कान सुरावर. पियानोवाल्याला जे एकसुरीपण उणीव वाटेल, तेच बीनसाठी वरदान होतं. कारण बीनवरही धून एका वेळी एकाच सुराची असते. गारुडी नाकाने श्वास घेत गालातली हवा सोडत राहतो, त्यामुळे तो सूर मध्ये तुटत नाही. पट्टी दाबून ठेवली की क्लॅव्हिओलिनचाही तुटत नाही. वाद्याची मर्यादा आणि बीनचा स्वभाव एकमेकांना असे चपखल बसले.

१९५४ साली ‘नागिन’ आला. वैजयंतीमाला, प्रदीप कुमार, संगीत हेमंत कुमार यांचं. सिनेमाचा जीवच बीनमध्ये होता. ती बीन वाजवली कल्याणजींनी क्लॅव्हिओलिनवर, आणि सोबत हार्मोनियम होती रवी यांची. तेव्हा हेमंत कुमारांचे सहायक असलेले हे रवी पुढे स्वतः मोठे संगीतकार झाले. आज यूट्यूबवर ती धून काढा आणि हेडफोन लावून ऐका. क्लॅव्हिओलिनवर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, पट्टी बदलली की सूर उडी मारतो. म्हणून शेजारच्या सुराला निसटता स्पर्श करून लगेच मूळ सुरावर यायचं, असे छोटे छोटे झटके त्यात ऐकू येतात. कान फसतो आणि त्याला वाटतं सूर लवला. शिवाय सुरावर सतत एक कंप आहे, तो वाद्यातल्या व्हायब्रॅटोच्या बटणाचा. आणि आवाज फुगतो-ओसरतो तिथे कल्याणजींचा गुडघा काम करतोय असं समजा.

सिनेमा धो धो चालला, हेमंत कुमारांना फिल्मफेअर मिळालं. बीन वाजली की थिएटरात खरे साप येतात, अशा दंतकथा गावोगाव पसरल्या. साप आले असतील-नसतील, पण विजेवर चालणाऱ्या एका फ्रेंच डब्यातून आलेला आवाज आहे अशी शंकासुद्धा लोकांना आली नाही. यंत्राचा आवाज म्हणजे खोटा आवाज, असं तुम्हाला अजूनही कुणी ना कुणी ऐकवत असेल. त्यांना १९५४ ची आठवण करून द्यायला हरकत नाही. पाश्चात्त्य जगात क्लॅव्हिओलिनची दोन गाजलेली उदाहरणं यानंतरची. ‘टेलस्टार’ ही धून १९६२ ची आणि बीटल्सनी ते वापरलं १९६७ मध्ये. आपले गिरगावकर त्यांच्या कितीतरी पुढे होते!

यानंतर कल्याणजींनी ठरवलं असतं तर आयुष्यभर मागणी असलेले वादक म्हणून मजेत राहता आलं असतं. पण १९५८ मध्ये ‘सम्राट चंद्रगुप्त’ला त्यांनी स्वतंत्रपणे संगीत दिलं. १९५९ पासून धाकटे आनंदजी अधिकृतपणे सोबत आले आणि जोडी झाली. १९६० चा ‘छलिया’, १९६५ चा ‘जब जब फूल खिले’, १९६७ चा ‘उपकार’. १९६८ च्या ‘सरस्वतीचंद्र’साठी संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार आणि १९७४ च्या ‘कोरा कागज’साठी फिल्मफेअर. दोनशेहून अधिक सिनेमे झाले, सगळे मोजत बसत नाही. एक मात्र सांगायलाच हवं, लक्ष्मीकांत आणि प्यारेलाल हे पुढचे दिग्गज सुरुवातीला यांच्याकडे सहायक होते.

आता तुमच्या कीबोर्डकडे येऊ. आपल्याकडे कुठल्याही कंपनीचा असो, लोक त्याला कॅसिओच म्हणतात. तर तुमच्या कॅसिओतली बीन आणि कल्याणजींची बीन यात फरक काय? कल्याणजींच्या वाद्यात आवाज त्या क्षणी तयार व्हायचा. तुमच्यात तो आधीच साठवलेला असतो. कुणीतरी स्टुडिओत खरी बीन, सनई किंवा सतार वाजवलेली असते आणि तिचं रेकॉर्डिंग चिपमध्ये ठेवलेलं असतं. यालाच सॅम्पल म्हणायचं. रेकॉर्डिंग म्हणजे तरी काय? आवाजाची लाट एका सेकंदात हजारो वेळा मोजायची आणि ते आकडे लिहून ठेवायचे. सीडीच्या दर्जाला सेकंदाला ४४,१०० वेळा. एका सेकंदाचा असा एकेरी आवाज साठवायला साधारण ८८ किलोबाइट लागतात. आज हे हसण्यावारी नेण्याइतकं कमी वाटतं, पण १९८० च्या दशकात मेमरी सोन्याच्या भावाने मिळत होती. म्हणून कीबोर्ड बनवणाऱ्यांनी ज्या कंजूष युक्त्या काढल्या, त्यातच सगळी मजा आहे.

पहिली युक्ती म्हणजे प्रत्येक पट्टीसाठी वेगळं रेकॉर्डिंग ठेवायचं नाही. एक सूर घ्यायचा आणि आजूबाजूच्या पट्ट्यांना तोच जरा भरभर किंवा हळू वाजवून पुरवायचा. दर पुढच्या पट्टीला वेग साधारण सहा टक्क्यांनी वाढवला की झालं. पण फार ताणलं की भांडं फुटतं. एक सप्तक वर गेलं की वेग दुप्पट होतो, आवाज निम्म्या वेळात संपतो आणि माणसाचा गळा असेल तर तो कार्टूनमधल्या खारीसारखा किंचाळतो. म्हणून चांगल्या कीबोर्डमध्ये दर थोड्या पट्ट्यांमागे नवीन सॅम्पल असतं, आणि हळू-जोरात दाबण्यासाठीही वेगवेगळी असतात. स्वस्त आणि महाग कीबोर्डमधला बराचसा फरक इथेच पडतो. हवं तर करून बघा. सनईचा टोन लावा आणि डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी दाबत जा. कुठेतरी एकदम आवाजाचा पोत बदलल्यासारखा वाटेल. तिथे एक सॅम्पल संपलं आणि दुसरं सुरू झालं.

दुसरी युक्ती लूपची. सॅम्पल असतं दोन-तीन सेकंदांचं आणि तुम्ही तर पट्टी अर्धा मिनिट दाबून ठेवता. मग आवाज संपत का नाही? कारण सुराचा मधला सारखा भाग पुन्हा पुन्हा फिरवला जातो. लाट जिथे संपते आणि जिथे परत सुरू होते, ती दोन टोकं तंतोतंत जुळावी लागतात, नाहीतर दर फेरीला टक् टक् ऐकू येतं. न तुटणारा सूर म्हणजे पुन्हा बीनच. गारुड्याने जे गालाने केलं, कल्याणजींनी जे ट्यूबने केलं, ते चिप आकड्यांचं वर्तुळ करून करते.

तिसरी गोष्ट आवाजाला आकार देण्याची. पट्टी दाबल्यावर आवाज किती झटकन चढायचा, मग किती खाली यायचा, कुठे टिकायचा आणि बोट उचलल्यावर किती रेंगाळायचा, हे चार टप्पे कीबोर्ड ठरवतो. सतारीला झटकन चढ आणि हळूहळू उतार, बीनला लगेच चढ आणि मग सरळ पठार. यातला सुरुवातीचा क्षण फार महत्त्वाचा. सूर सुरू होतानाची पहिली खरखर, पहिली फुंकर, पहिला ठोका कापून टाकला तर भलेभले कान वाद्य ओळखताना चुकतात. १९८७ मध्ये रोलंड कंपनीने डी-५० या कीबोर्डमध्ये हेच हेरलं. खऱ्या वाद्याचा फक्त सुरुवातीचा तुकडा साठवायचा आणि पुढचा सूर यंत्राने तयार करायचा. मेमरीही वाचली, कानही फसला. १९८८ मध्ये कॉर्गचा एम-वन आला, त्यात साठवलेले आवाज, गाळणी आणि लय-ताल सगळं एकाच पेटीत होतं. पुढच्या काही वर्षांत जगभरातल्या गाण्यांत त्याचे आवाज ऐकू येऊ लागले. उरलेला खेळ उजव्या-डाव्या हाताचा. तुमच्या कीबोर्डच्या डाव्या बाजूला पिच बेंडचं चाक किंवा दांडी असेल, तर जी लवचीक मींड कल्याणजींना निसटत्या स्पर्शाने भासवावी लागली, ती तुम्हाला अंगठ्याने मिळते. तरीही पुष्कळ जण त्याला हातच लावत नाहीत, हे मात्र मला अजिबात पटत नाही.

हे सगळं तंत्र मुंबईत पोचलं तेव्हा कल्याणजी साठीला टेकले होते आणि इथून गोष्ट थोडी अवघड होते. एका कीबोर्डमध्ये व्हायोलिनचा ताफा मिळतो म्हटल्यावर निर्माते खऱ्या ताफ्याचं मानधन कशाला देतील? रेकॉर्डिंग स्टुडिओत पन्नास-साठ वादक एकत्र बसण्याचे दिवस सरत गेले. ज्यांनी उभं आयुष्य एका वाद्याला दिलं, त्यांची बोलावणी कमी झाली. आणि ज्या माणसाने एका यंत्रावर एका गारुड्याचं काम करून दाखवलं होतं, त्याच्याच घरात हा बदल राहायला आला. कल्याणजींचे चिरंजीव विजू शाह सिंथेसायझरचे किडे निघाले. १९८९ च्या ‘त्रिदेव’ची गाणी आठवा. नाव कल्याणजी-आनंदजींचं, पण आवाजाची घडण नव्या पिढीची, विजू यांच्या कीबोर्डमधून आलेली. पुढे १९९४ मध्ये ‘मोहरा’ला त्यांनी स्वतःच्या नावाने संगीत दिलं. याला वादकांचा घात म्हणायचं की काळाची चाल? दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे. पण एक बघा. ‘नागिन’मध्ये क्लॅव्हिओलिनने माणसाची जागा घेतली तरी तिथे ते वाजवणारा एक वादक लागला, गुडघ्यासकट. नंतरच्या यंत्रांना ताल धरायलाही माणूस लागेनासा झाला. माझ्या मते खरा फरक तिथे पडला.

कल्याणजींनी त्या काळात कुरकुरत बसण्यापेक्षा एक वेगळंच काम हाती घेतलं. लहान मुलांना गाणं शिकवायचं आणि थेट स्टेजवर उभं करायचं. लिटल वंडर्स हा त्यांच्या बालकलाकारांचा संच. सुनिधी चौहान लहानपणी त्यात मुख्य गायिका होती. आपल्या दाभोळची साधना घाणेकर, म्हणजे साधना सरगम, याच घरात तयार झाली. किराणा दुकानात उधारीच्या बदल्यात शिकलेला मुलगा म्हातारपणी दुसऱ्यांच्या मुलांना शिकवत होता. १९९२ मध्ये दोघा भावांना पद्मश्री मिळाली. २४ ऑगस्ट २००० रोजी कल्याणजी गेले, तेव्हा ते ७२ वर्षांचे होते.

पण सॅम्पलची गोष्ट त्यांच्यापाशी पुन्हा एकदा आली. १९९० च्या दशकाच्या शेवटी परदेशातल्या डीजेंना जुन्या हिंदी सिनेमांच्या पार्श्वसंगीताचं वेड लागलं. कल्याणजी-आनंदजींच्या मारधाडपटांतलं संगीत घेऊन अमेरिकेत एक अख्खा अल्बम निघाला. आणि २००५ मध्ये ब्लॅक आइड पीज या अमेरिकन बँडने आपल्या एका गाण्यात दोन हिंदी तुकडे जसेच्या तसे बसवले. एक १९७८ च्या ‘डॉन’मधला, दुसरा १९७२ च्या ‘अपराध’मधला. गाणं जगभर गाजलं, त्याला ग्रॅमी मिळालं आणि गाण्याच्या श्रेयात कल्याणजी-आनंदजींचं नाव लागलं. आयुष्याच्या सुरुवातीला दुसऱ्या वाद्याचा आवाज यंत्रातून काढणाऱ्या माणसाचा आवाज आता दुसऱ्यांच्या यंत्रात सॅम्पल होऊन बसला होता. अमेरिकेत नाचणाऱ्या किती जणांना तो मुंबईचा आहे हे माहीत होतं कुणास ठाऊक. ते गाणं आणि ‘डॉन’मधलं हेलनचं गाणं पाठोपाठ लावून बघा, दहा सेकंदांत पकडाल.